पऱ्हाटी, धोत्रा आणि ॲसिटिलकोलीन : वऱ्हाडातील एका रेणूचा इतिहास

१/ जुन्या नोंदींत 'बडनेरा बीबी' या नावाने आढळणारे बडनेरा आज ओळखले जाते ते रेल्वे जंक्शन म्हणून. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. अमरावतीची मोठी कापूस बाजारपेठ मुख्य मार्गापासून थोडी बाजूला पडली होती, म्हणून बडनेऱ्याहून तिच्यासाठी शाखा काढण्यात आली. लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला 'ऊमरा' म्हणत. ते 'उमरावती'चेच इंग्रजी वळण.

२/ हा इतिहास पुस्तकांतून आलेला आहे. भाव, गाठी, जिनिंग, सावकारी आणि रेल्वे यांविषयी भरपूर लिहिले गेले. मात्र याच कापसाचा एक इतिहास माणसाच्या शरीरात घडला आहे. त्याचे नायक व खलनायक डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात केंब्रिजचा एक शरीरक्रियाशास्त्रज्ञ आहे, ऑस्ट्रियातील बेडकाची दोन हृदये आहेत, जर्मनीतील एक रसायन कारखाना आहे, वऱ्हाडातल्या बांधावर उगवणारा धोत्रा आहे, आणि पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत उभा असलेला मजूर आहे. या सर्वांना जोडणारा रेणू म्हणजे ॲसिटिलकोलीन.

३/ प्रथम रचना समजून घेऊ. मेंदूतील दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही लाखांश भागाएवढी फट असते. पहिल्या पेशीतून विद्युतसंदेश टोकापर्यंत येतो आणि तेथे एक रसायन फटीत सोडले जाते. हे रसायन म्हणजे चेतापारेषक. पलीकडच्या पेशीवर त्याच्यासाठी खास प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसा चेतापारेषक ग्राहीत बसतो आणि पलीकडची पेशी उद्दीपित होते किंवा शांत होते. डोपामीन, सेरोटोनिन, गाबा, ग्लुटामेट ही अशाच रसायनांची नावे. यांपैकी सर्वांत आधी सिद्ध झालेले नाव ॲसिटिलकोलीनचे.

४/ 'ग्राही' ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी कोंबडीच्या स्नायूंवर प्रयोग केले. तंबाखूतील निकोटिनने स्नायू आकुंचन पावत, आणि दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत ते क्युरारे दिले की तो परिणाम थांबे. चेता तोडून टाकली तरीही हेच घडे. अर्थात ही द्रव्ये चेतेवर नव्हे, तर स्नायूवरच असलेल्या कशावर तरी काम करत होती. त्या अज्ञात वस्तूला लँग्ली यांनी 'ग्रहणशील द्रव्य' म्हटले. ते द्रव्य प्रत्यक्ष वेगळे काढण्यास पुढे सहा दशकांहून अधिक काळ लागला.

५/ १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये क्षारद्रवात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली तेव्हा त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले, जरी त्याच्या चेतेला कोणी हात लावला नव्हता. चेता रसायनाच्या भाषेत बोलते याचा हा पुरावा होता. ते रसायन ॲसिटिलकोलीन ठरले. त्याच्या गुणधर्मांचा अभ्यास इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी १९१४ पासूनच केला होता. १९३६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. दोनच वर्षांनी नाझींनी ज्यू असलेल्या लोवींना अटक केली. पारितोषिकाची रक्कम नाझींच्या हवाली केल्यानंतरच त्यांना देश सोडता आला.

६/ डेल यांनी आणखी एक भेद दाखवला. ॲसिटिलकोलीनची किल्ली दोन जातींच्या कुलपांत बसते. एका जातीचे ग्राही तंबाखूच्या निकोटिननेही उघडतात, ते निकोटिनिक. दुसऱ्या जातीचे ग्राही एका विषारी भूछत्रातील मस्करिनने उघडतात, ते मस्करिनिक. हातापायांचे स्नायू हलवणारे ग्राही निकोटिनिक आहेत. लाळ, अश्रू, घाम, श्वासनलिका, आतडी, डोळ्याची बाहुली आणि हृदयाची गती यांवर ताबा ठेवणारे बहुतांशी मस्करिनिक. मेंदूत दोन्ही आहेत, आणि लक्ष व स्मृती यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आहे. वऱ्हाडात पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

७/ किल्ली कुलपात कायमची राहिली तर काय होईल? संदेश संपणारच नाही. म्हणून त्या फटीत ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर असते. त्याचा एक रेणू एका सेकंदात ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. शरीरातील अत्यंत वेगवान विकरांपैकी हे एक. १९२६ मध्ये लोवी व त्यांचे सहकारी नवरातिल यांनी दाखवले की फायसोस्टिग्मिन हे द्रव्य या विकराला रोखते. ते येते पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबारच्या एका शेंगेच्या बीमधून. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवण्यासाठी तेथे ते बी खाऊ घालत, म्हणजे एका अर्थाने ते दिव्यच होते.

८/ येथे इतिहासाला वळण मिळाले. १९३६ च्या डिसेंबरात, ज्या महिन्यात लोवी व डेल यांना नोबेल प्रदान झाले त्याच महिन्यात, जर्मनीतील आय. जी. फार्बेन कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ गेर्हार्ड श्राडर पिकांवरील किडींसाठी स्फुरदयुक्त सेंद्रिय संयुगे तयार करत होते. त्यांतील एक किडींवर विलक्षण प्रभावी ठरले. काही दिवसांत त्याचा थोडासा अंश प्रयोगशाळेत सांडला. श्राडर व त्यांच्या सहायकाच्या बाहुल्या आकसल्या आणि श्वास कोंडू लागला. ते संयुग म्हणजे टाबून. लष्कराने ते ताब्यात घेतले. १९३८ मध्ये सरीन आले. श्राडर यांचे शेतीसाठीचे काम मात्र थांबले नाही, आणि १९४४ मध्ये पॅराथिऑन तयार झाले. युद्धवायू व कीटकनाशक ही एकाच घराण्याची दोन अपत्ये होत. दोन्ही ॲसिटिलकोलिनेस्टरेजला निकामी करतात.

९/ कीटकाला मारणारे द्रव्य माणसाला का मारते, याचे उत्तर उत्क्रांतीत आहे. मावा, तुडतुडे, बोंडअळी आणि माणूस यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तथापि ॲसिटिलकोलीनची व्यवस्था दोन्ही शाखांनी जपली. किंबहुना कीटकनाशकांचा इतिहास हा बव्हंशी चेतासंस्थेवरील हल्ल्याचाच इतिहास आहे. एन्ड्रिन व एन्डोसल्फान हे गाबाच्या ग्राहींना अडवतात आणि मेंदूतील 'शांत हो' हा संदेश बंद पाडतात. इमिडाक्लोप्रिड हे निकोटिनच्याच धर्तीचे, ते कीटकाच्या निकोटिनिक ग्राहीत जाऊन बसते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट, फोरेट ही सर्व श्राडर यांच्या घराण्यातली.

१०/ भारताला या घराण्याची ओळख फार लवकर आणि फार कठोरपणे झाली. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. अन्नपदार्थ आणि कीटकनाशक यांची एकत्र वाहतूक झाली होती. न्या. जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा संमत झाला. कीटकनाशकांची नोंदणी, विक्रीचे परवाने आणि डब्यावरील रंगीत त्रिकोण यांचा उगम त्या कायद्यात आहे.

११/ वऱ्हाडची गावरानी पऱ्हाटी आखूड धाग्याची, पण काटक होती. लांब धाग्याचे अमेरिकन वाण आणि १९७० नंतरचे संकरित वाण उत्पन्न अधिक देत, परंतु त्यांवर किडीही अधिक पडत. १९९० च्या दशकात देशाच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम ५ टक्क्यांवर कापूस होता आणि कीटकनाशकांचा जवळपास निम्मा वापर त्या एका पिकावर होत होता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा फवारण्या घटल्या. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे सोडले, आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. या साऱ्या काळात शेतकऱ्यांच्या बोलीत या द्रव्यांना एकच शब्द राहिला : 'औषध'. 'औषध मारले', 'औषध फवारले'. पिकाचे औषध माणसाचे विष आहे, ही गोष्ट त्या शब्दाच्या आड सहज लपते. उलट 'एन्ड्रिन' हे एका विशिष्ट द्रव्याचे नाव खेड्यापाड्यांत कोणत्याही कीटकनाशकाला लागू झाले आणि विषाचा पर्याय बनले.

१२/ २०१७ चा पावसाळा. अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर एकामागून एक रुग्णालयात येऊ लागले. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. हवा दमट होती, अंगावर साधा सदरा होता, तोंडाला फार तर दुपट्टा. अनेकदा दोन-तीन द्रव्ये एकाच पंपात मिसळलेली असत. त्या जिल्ह्यात २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो बाधित झाले. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतही मृत्यू नोंदले गेले. शासनाने अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. त्या पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली.

१३/ त्या माणसांच्या शरीरात काय घडत होते, हे आता सांगता येते. स्फुरदयुक्त द्रव्य त्वचेतून व श्वासातून आत जाते आणि विकराला घट्ट जखडते. ॲसिटिलकोलीन साचत जाते. मस्करिनिक ग्राही उघडेच राहतात, म्हणून लाळ, घाम व अश्रू वाहतात, उलट्या व जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि छातीत स्राव भरतो. निकोटिनिक ग्राही उघडे राहतात, म्हणून स्नायू प्रथम फडफडतात आणि मग लुळे पडतात. त्यात श्वासाचे स्नायूही आले. मेंदूत अस्वस्थता, संभ्रम, झटके आणि बेशुद्धी येते. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की पहिला झटका ओसरल्यावर, एक ते चार दिवसांनी, श्वास पुन्हा थांबू शकतो. 'आता बरे वाटते' म्हणून घरी परतलेल्या रुग्णाला हा धोका असतो.

१४/ आता धोत्र्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यक ग्रंथांत, विशेषतः नॉर्मन चेव्हर्स यांच्या १८५६ च्या ग्रंथात, धोत्रा घालून वाटसरूंना लुटणाऱ्यांची चर्चा येते. धोत्रा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, घाम थांबतो, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावते, तो बरळतो आणि हवेतल्या वस्तू पकडू पाहतो. वर वर्णन केलेल्या लक्षणांच्या हे नेमके उलट आहे. कारण धोत्र्यातील ॲट्रोपिनवर्गीय द्रव्ये मस्करिनिक ग्राहीत बसतात खरी, पण ते उघडत नाहीत. खोटी किल्ली अडकून बसावी आणि खरी आत जाऊ नये, तसे हे आहे.

१५/ म्हणूनच फवारणीच्या विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात आणि छाती मोकळी होईपर्यंत मात्रा वाढवत नेतात. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या, ठगांच्या हाती विष ठरलेल्या वनस्पतीच्या कुळातील हे द्रव्य अतिदक्षता कक्षात प्राण राखते. मात्र ते मोजून, शिरेतून आणि सतत निरीक्षणाखाली दिले जाते. धोत्र्याचे बी हा त्यावरचा उपाय नव्हे, ती दुसरी विषबाधा होय. ॲट्रोपिनचीही मर्यादा आहे. निकोटिनिक ग्राहींवर ते काम करत नाही, म्हणून लुळ्या पडलेल्या श्वासाला कृत्रिम श्वसनयंत्र लागते. जखडलेले विकर सोडवण्यासाठी १९५५ मध्ये अमेरिकेत प्रॅलिडॉक्साईम तयार झाले. तेही वेळेत द्यावे लागते, कारण काही काळाने ते बंधन पक्के होते. मेंदूत ते नीट पोहोचत नाही, म्हणून झटके थांबवण्यासाठी गाबाच्या ग्राहींना बळ देणारी औषधे वापरतात.

१६/ यातून २०१७ चा एक पेच उलगडतो. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या द्रव्यांपैकी डायफेन्थियुरॉन हे ॲसिटिलकोलीनच्या वाटेने मारत नाही, ते पेशीतील ऊर्जानिर्मिती रोखते. इमिडाक्लोप्रिडसाठीही ॲट्रोपिन हा उतारा नाही. रुग्ण शुद्धीवर नसेल, सोबतच्या माणसाला 'औषधाचे' नाव ठाऊक नसेल आणि पंपात तीन द्रव्ये मिसळली असतील, तर कोणत्या ग्राहीशी लढायचे हे डॉक्टरने कसे ठरवावे? रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी ही अशा वेळी पहिली खूण असते. ती सोय शेतापासून जितकी दूर, तितका उपचार अंदाजाचा. रिकामा डबा रुग्णासोबत नेणे, ही साधी गोष्ट म्हणूनच मोलाची ठरते.

१७/ याच रेणूची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे, अन्यथा चित्र अपुरे राहील. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्नायूंवरील निकोटिनिक ग्राहींवरच उलटते. पापण्या मिटतात, हात उचलत नाहीत. १९३४ मध्ये इंग्लंडमधील डॉ. मेरी वॉकर यांनी अशा रुग्णाला फायसोस्टिग्मिन दिले आणि स्नायूंत बळ परतले. म्हणजे दिव्यासाठी वापरलेल्या त्या बियांतील विष येथे औषध ठरले. अल्झायमरमध्ये मेंदूतील ॲसिटिलकोलीन तयार करणाऱ्या पेशी ऱ्हास पावतात, हे १९७० च्या दशकात दिसून आले. त्यावरील डोनेपेझिल व रिव्हास्टिग्मिन ही औषधे तेच विकर सौम्यपणे, मोजून रोखतात. आजोबांची स्मृती थोडी अधिक टिकावी म्हणून डॉक्टर ज्या विकराला हलकेच आवरतात, त्याच विकराला पऱ्हाटीतला फवारा पूर्ण बंद पाडतो. फरक मात्रेचा आहे, बंधनाच्या घट्टपणाचा आहे आणि देखरेखीचा आहे.

१८/ धोरणाचा इतिहास संथ गतीने पुढे सरकला. एन्ड्रिनवर भारतात १९९० मध्ये बंदी आली. मोनोक्रोटोफॉस २००५ मध्ये भाजीपाल्यावर वापरण्यास मनाई झाली, पण कापसासाठी ते विकले जातच राहिले. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मध्यान्ह भोजनातून याच द्रव्याने २३ मुलांचा बळी घेतला. फोरेट व डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस बंद झाले. मोनोक्रोटोफॉसच्या सर्वाधिक वापराच्या द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये, म्हणजे यवतमाळनंतर सहा वर्षांनी. शेजारच्या श्रीलंकेने १९९५ पासून सर्वाधिक घातक द्रव्ये टप्प्याटप्प्याने बाद केली आणि त्या देशातील आत्महत्यांचे प्रमाण पुढील वर्षांत लक्षणीय घटले. शेतीचे उत्पन्न त्यामुळे कोसळले नाही. ज्या प्रदेशाने शेतकरी आत्महत्यांचे दुःख इतके सोसले, त्या वऱ्हाडासाठी हा धडा दूरचा नाही.

१९/ रेणूला जात, वर्ग किंवा सातबारा कळत नाही. परंतु तो कोणाच्या शरीरात शिरेल हे समाजव्यवस्थेवर अवलंबून असते. ऊमरा कापसाच्या काळात भाव लिव्हरपुलात ठरे आणि जोखीम वऱ्हाडातील कुणबी उचले. फवारणीच्या काळात रेणू दूरच्या प्रयोगशाळेत तयार होतो, दुकानात उधारीवर मिळतो आणि बहुधा रोजंदारीवरचा मजूर तो अंगावर घेतो. हातमोजे, मुखवटा आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा यांविषयीच्या सूचना डब्यावर बारीक अक्षरांत असतात. विदर्भाच्या पावसाळी दमट हवेत तो पोशाख घालून दिवसभर काम करता येईल का, हा प्रश्न सूचना लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक मोठे क्षेत्र मोकळे आहे. जिनिंगच्या हिशेबवह्या आणि रेल्वेचे अहवाल जसे वाचले गेले, तसेच तालुक्याच्या रुग्णालयांतील नोंदवह्या, कृषी सेवा केंद्रांच्या जुन्या पावत्या आणि फवारणी करणाऱ्यांच्या आठवणी वाचल्या जायला हव्यात. फवारणी केलेली पिढी आज वृद्ध होत आहे. तिने कोणत्या वर्षी कोणते 'औषध' मारले, त्यानंतर डोळ्यांना काय झाले, हात का थरथरले, हे तिच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही. बडनेऱ्याहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीत असा एखादा माणूस समोरच्या बाकावर बसलेला असेल. त्याला विचारावे आणि तारखेसह लिहून ठेवावे.